शॉकवेव्हचा डोस कागदावर येऊ द्या

प्रति,
शॉकवेव्हचं मशीन वापरणारे फिजिओथेरपिस्ट, अस्थिरोगतज्ज्ञ आणि क्लिनिकचालक यांस

सप्रेम नमस्कार.

पेशंट एका क्लिनिकमधून दुसरीकडे जातो तेव्हा त्याच्या फाइलमध्ये बहुतेक वेळा एवढंच सापडतं : ‘शॉकवेव्ह, ६ सिटिंग.’ शॉकवेव्ह म्हणजे दुखऱ्या कंडरेवर (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीवर) मशीनने बाहेरून दाबाच्या लाटांचे टोले देण्याचा उपचार. गोळीबद्दल कुणी ‘गोळी, ६ वेळा’ असं लिहिलं तर आपण कपाळाला हात लावू. कोणती गोळी, किती मिलिग्रॅम, दिवसातून कितीदा हे कळल्याशिवाय पुढची चिठ्ठी लिहिणार नाही. शॉकवेव्हच्या बाबतीत मात्र हेच आपण वर्षानुवर्षं चालवून घेतलं आहे. आमचं मागणं एकच : प्रत्येक सिटिंगचा डोस पूर्ण लिहा. दिसायला हे कारकुनी काम आहे. पण लिहायला बसलं की आपल्याला काय ठाऊक नव्हतं ते एकेक करून पुढ्यात येतं.

सुरुवात मशीनच्या जातीपासूनच करावी लागते, कारण एकाच नावाखाली दोन वेगळी यंत्रं चालतात. फोकस्ड मशीनमध्ये लाट ठिणगीने, विद्युतचुंबकीय कॉइलने किंवा पिझो स्फटिकांनी तयार होते आणि त्वचेखाली ठरावीक खोलीवर एकवटते. तिचा दाब काही नॅनोसेकंदांत दहा ते शंभर मेगापास्कलपर्यंत चढतो आणि लगेच शून्याखाली जातो. त्या ऋण दाबात सूक्ष्म बुडबुडे बनतात आणि फुटतात. मुतखडा फोडायला १९८० साली म्युनिकमध्ये पहिल्यांदा वापरलं गेलं ते तंत्र हेच. रेडियल मशीन म्हणजे खरं तर एक वेगवान हातोडी. कॉम्प्रेसरची हवा नळीतल्या धातूच्या गोळ्याला पुढे फेकते, तो अ‍ॅप्लिकेटरच्या बुडावर (त्वचेला टेकणाऱ्या टोकाच्या मागच्या बाजूवर) आपटतो आणि तो टोला त्वचेतून आत पसरत जातो. दाब चढायला इथे मायक्रोसेकंद लागतात. जोर त्वचेपाशी सर्वांत जास्त असतो, खाली जाताना तो झपाट्याने विरतो आणि तीन-चार सेंटीमीटरनंतर फारसा उरत नाही. भौतिकशास्त्राचा माणूस याला शॉकवेव्ह म्हणणारच नाही. नाव चिकटलं ते चिकटलं. (त्या नावातल्या ‘शॉक’मुळे निम्मे पेशंट करंट लागेल या भीतीने पाय आखडून झोपतात. विजेचा इथे त्वचेशी काही संबंध नाही, हे पहिल्या सिटिंगला एका वाक्यात सांगितलं तरी स्नायू सैल पडतात आणि आपलं काम सोपं होतं.)

रेडियल म्हणजे हलक्या प्रतीचं, असं आम्ही म्हणत नाही. टाच, अकिलीस (टाचेमागची कंडरा), कोपराची बाहेरची बाजू या उथळ जागा आहेत. तिथे रेडियल पोचतं, आणि टाच-अकिलीसवर त्याच्या बाजूचे चांगले अभ्यासही आहेत. पण मांसल नितंबाखालच्या, मांडीच्या मागच्या स्नायूच्या मुळाशी असलेल्या कंडरेवर रेडियल हॅण्डपीस (मशीनचा हातात धरायचा भाग) टेकवून दोन हजार टोले दिले, तर ते बहुतांशी चरबीत जिरतात. म्हणून कागदावर पहिला शब्द ‘रेडियल’ किंवा ‘फोकस्ड’ असायला हवा. तो नसेल तर पुढच्या आकड्यांना अर्थ नाही.

आता त्या प्रसिद्ध ‘बार’बद्दल. ‘२.५ बार दिले’ हे वाक्य डोस सांगत नाही. बार हा कॉम्प्रेसरच्या हवेचा दाब आहे. टाकीत पाणी कुठवर आहे ते सांगून नळाखालच्या बादलीत किती पडलं ते कळत नाही, तसंच हे. त्याच २.५ बारवर एका कंपनीचं मशीन आणि दुसऱ्या कंपनीचं मशीन वेगळी ऊर्जा देतात; एकाच मशीनवर अ‍ॅप्लिकेटर बदलला तरी आकडा बदलतो. टिश्यूला काय मिळालं ते सांगणारं माप म्हणजे एक चौरस मिलिमीटरमधून एका टोल्यात गेलेली ऊर्जा, मिलिज्यूल प्रति चौरस मिलिमीटर. फोकस्ड मशीन हे थेट पडद्यावर दाखवतं. रेडियलमध्ये ते उत्पादकाच्या तक्त्यातून काढावं लागतं : या अ‍ॅप्लिकेटरला, इतक्या बारला, इतकं. तो तक्ता मशीनसोबत आला नसेल तर मागून घ्या आणि मशीनच्या बाजूला चिकटवा. द्यायला टाळाटाळ होत असेल तर तीही एक माहितीच आहे.

इथे आणखी एक फसगत होते. हवेऐवजी कॉइलने गोळा उडवणारी छोटी मशीन पडद्यावर ६०, ९०, १२० असे मिलिज्यूलचे मोठे आकडे दाखवतात. ती एका टोल्याची एकूण ऊर्जा असते, प्रति चौरस मिलिमीटर नव्हे. शेजारच्या फोकस्ड मशीनवर ०.२ दिसतं आणि इथे १२० दिसतं, म्हणून हे सहाशे पट ताकदवान, असा समज करून घेणारे लोक आहेत. एकक वाचा. मसाज गन तर या चर्चेत येतच नाही. ती थरथर देते, आणि तिची जागा वेगळी आहे.

आकडे सुटे सुटे का लिहायचे, याचं आम्हाला सर्वांत पटलेलं उदाहरण खांद्याचं आहे. खांद्याच्या कंडरेत कॅल्शियम साठलेल्या १४४ जणांवरचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला ०.३२ मिलिज्यूलचे (इथून पुढे सगळीकडे प्रति चौरस मिलिमीटर) १,५०० टोले, दुसऱ्याला ०.०८ चे ६,०००, तिसऱ्याला नुसतं सोंग, म्हणजे उपचाराचा देखावा. प्रत्येकाला दोन सिटिंग, मध्ये साधारण दोन आठवडे. गुणाकार करून पाहा : दोन्ही खऱ्या गटांची बेरीज ४८०, अगदी सारखी. तरी ०.३२ चा गट ०.०८ च्या गटापेक्षा स्पष्टपणे पुढे राहिला. म्हणजे प्रत्येक टोला किती जोराचा हेही मोजावं लागतं, आणि ‘कमी पॉवरवर जास्त शॉट्स देऊ, हिशेब तोच’ हे गणित निदान त्या खांद्यात तरी चाललं नाही. उलट टोकाला सशांच्या अकिलीसवरचा १९९८ चा प्रयोग आहे : ०.०८ ला इजा दिसली नाही, ०.२८ ला तात्पुरती सूज आली, ०.६० ला कंडरेभोवती पेशी मेल्या आणि चट्टे पडले. म्हणून कंडरेवर ०.२८ च्या वर जाऊ नये हा दंडक आला. खांद्यातल्या कॅल्शियमच्या गाठीवर ०.३२ दिले जातात ते गाठ हेरून. तो आकडा अकिलीसला लावायचा नाही. डोस जागेसकट लिहायचा तो यासाठी.

वेगाचंही तेच. हर्ट्झ (दर सेकंदाला किती टोले) वाढवला की सिटिंग लवकर आटोपते, म्हणून पंधरा-वीस हर्ट्झवर मशीन ठेवायचा मोह होतो. काही रेडियल मशीनमध्ये वेग वाढला की प्रत्येक टोल्याची ऊर्जा उतरते, कारण गोळा मागे येऊन पुन्हा पूर्ण जोर धरायला वेळच उरत नाही. पडद्यावर बार तोच दिसतो. कंडरेसाठी आठ ते दहा हर्ट्झ पुरेसे आहेत. दहा हर्ट्झवर दोन हजार टोले म्हणजे २०० सेकंद, तीन मिनिटं वीस सेकंद. आठवर चार मिनिटं दहा सेकंद. ‘वीस मिनिटं शॉकवेव्ह दिली’ असं फाइलमध्ये दिसलं की आम्हाला प्रश्न पडतो : उरलेली पंधरा-सोळा मिनिटं काय चाललं होतं?

हातातल्या कामाचं एक उदाहरण घेऊ, टाचेचं, कारण तिथेच सगळ्यात जास्त मशीन लागतं.

पेशंटला पालथं झोपवा, पावलं पलंगाच्या कडेबाहेर. एका हाताने पायाची बोटं वर, नडगीकडे वळवा म्हणजे तळव्याचा फॅशिया (टाचेपासून बोटांकडे जाणारा पट्टा) ताणला जाऊन बोटाला लागतो. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने टाचेच्या हाडाचा पुढचा, आतल्या बाजूचा उंचवटा चाचपा. सगळी टाच दाबून ‘इथे दुखतं का’ विचारू नका. पेशंट कंटाळून हो म्हणतो. एकेक बोटभर जागा दाबा, सर्वांत दुखरी सापडली की स्किन पेन्सिलने फुली मारा. भरपूर जेल. पातळ थर दिला तर मध्ये हवा राहते, आणि हवेच्या पापुद्र्यावरून लाट जवळजवळ पूर्ण परतते. पेशंटला नुसती कातडीची चुरचुर जाणवते. तेल किंवा मसाजचं क्रीम हा जेलला पर्याय नाही.

हॅण्डपीस हाडाला काटकोनात टेकवा. दाब इतकाच की टोक उडू नये. सगळा भार टाकून दाबलं की अ‍ॅप्लिकेटरला पुढेमागे व्हायला जागाच मिळत नाही, पेशंट कळवळतो आणि आपल्याला वाटतं, काय जोरात लागलंय! दीड बारला सुरू करून पहिले दोनशे-तीनशे टोले नुसते सवयीचे द्या आणि दहापैकी किती दुखतंय ते विचारत राहा. पाच-सहा हवं : सहन होणारं, श्वास न रोखता. काही शे टोल्यांनंतर तिथली नस बधिरते आणि पाचाचं तीन होतं, मग ०.२ किंवा ०.३ बार चढवा. पेशंट सात-आठ म्हणाला तर उतरा. फुलीभोवती सुपारीएवढ्या वर्तुळात टोक हळू फिरवा. मोठी वर्तुळं काढून टाचभर सारवत बसलात तर दुखऱ्या जागेला दोन हजारांतले दोनशेच मिळतात. मध्येच वीज चमकल्यासारखी कळ बोटांकडे किंवा टाचेच्या आतल्या बाजूला गेली तर ती मज्जातंतूची. थांबा, सेंटीमीटरभर सरका. शेवटी कागदावर सुरुवातीचा बार लिहू नका. ज्या बारवर बहुतेक टोले गेले तो लिहा, आणि सवयीचे टोले वेगळे.

फोकस्ड मशीन असेल तर वर्तुळाची भानगड कमी, खोलीची जास्त. फोकस किती आत पडणार ते जेलच्या गादीवर किंवा स्टँडऑफवर (टोकावर लावायच्या, त्वचेपासून अंतर राखणाऱ्या भागावर) ठरतं. अकिलीस त्वचेखाली लगेच आहे, त्याला फोकस वर ओढणारा जाड स्टँडऑफ लागतो. आधीच्या पेशंटच्या नितंबासाठी लावलेला तसाच राहिला तर फोकस कंडरा ओलांडून पलीकडे जातो. कंडरेला काहीच मिळत नाही, पेशंटला मात्र आत कुठेतरी दुखतं, आणि ते दुखणं ‘बरोबर जागी लागतंय’ म्हणून खपून जातं.

पेशंटशी बोलत बोलत जागा शोधायची असेल तर बधिर करण्याचं इंजेक्शन देऊन चालत नाही. ज्याला दुखतच नाही तो जागा काय दाखवणार? कमी ऊर्जेच्या उपचारात बधिर केलेल्यांना कमी फायदा होतो, असं २००५ मध्ये थेट तुलनेत दिसलं. त्याआधी २००३ साली जर्मनीतला २७२ जणांचा टाचेचा मोठा अभ्यास आला होता : बधिर करून, ०.०८ चे ४,००० टोले, दोन-दोन आठवड्यांनी तीनदा. बारा आठवड्यांनी खऱ्या गटातले ३४ टक्के सुधारले, सोंगाच्या गटातले ३० टक्के. म्हणजे काहीच नाही. २००८ मध्ये रेडियल मशीनने, बधिर न करता, ०.१६ चे २,००० टोले तीनदा देऊन केलेल्या अभ्यासात ६१ टक्के विरुद्ध ४२ टक्के आले. दोन्ही अभ्यास ‘टाचेची शॉकवेव्ह’ याच नावाने उद्धृत होतात, एक विरोधक उद्धृत करतात आणि एक विक्रेते. डोस वाचला तर ते दोन वेगळे उपचार आहेत.

त्या ४२ टक्क्यांवर मात्र जरा थांबायला हवं. सोंगाच्या मशीनखाली दहापैकी चार जण सुधारले. टाच काळाने बरी होते, शूज बदलतात, माणूस जरा जपून चालतो. आपल्या क्लिनिकमध्ये ‘दहातले सहा बरे झाले’ तर त्यातले चार कदाचित तसेही झाले असते. मशीनच्या खात्यात जमा होतात ते दोन. दोन म्हणजे कमी नाही. महिनोन्‌महिने सकाळचं पहिलं पाऊल टाकताना भिंत धरणाऱ्यांपैकी दोन जण. पण सहाच्या सहा आपल्या नावावर मांडून जाहिरात करणं बरोबर नाही.

आता मशीन बाजूला ठेवून व्यायामाबद्दल. अकिलीसच्या मधल्या भागाच्या दुखण्यावर २००७ साली तीन गटांची तुलना झाली. टाच सावकाश खाली सोडण्याच्या व्यायामाने २५ पैकी १५ जण चांगले सुधारले, शॉकवेव्हने १३, आणि नुसतं थांबलेल्यांतले ६. व्यायाम आणि शॉकवेव्ह यांत खास फरक नाही. २००९ मध्ये त्याच मंडळींनी व्यायाम आणि शॉकवेव्ह एकत्र दिले : ३४ पैकी २८, नुसत्या व्यायामाने ३४ पैकी १९. आमच्या मते या उपचाराबद्दलचं सगळ्यात कामाचं वाक्य या पाच आकड्यांत आहे. मशीन कंडरेची कळ उतरवतं आणि दुरुस्तीला चालना देतं. भार पेलायची ताकद मात्र भार देऊनच येते. कंडरा मशीनने जाड-मजबूत होत नाही.

म्हणून डोसच्या कागदावर व्यायामाचाही डोस हवा, आणि ‘स्ट्रेचिंग सांगितलं’ हा डोस नव्हे. अकिलीसच्या मधल्या भागाला : पायरीच्या कडेवर, दुखऱ्या पायावर, टाच सावकाश खाली, १५ चे ३ संच गुडघा सरळ ठेवून, १५ चे ३ गुडघा किंचित वाकवून, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. म्हणजे रोजचे १८०. सोपं झालं की पाठीवर पिशवीत वजन. कंडरा हाडाला चिकटते तिथे दुखत असेल तर टाच पायरीखाली सोडायची नाही, सपाट जमिनीवरच थांबायचं. खाली गेलं की कंडरा हाडावर दाबली जाते आणि पेशंट महिनाभर त्याच जागी राहतो. तळव्याच्या फॅशियाला : बोटांखाली टॉवेलची गुंडाळी, तीन सेकंदांत टाच वर, दोन सेकंद थांबा, तीन सेकंदांत खाली, एक दिवसाआड, बारा वेळा जमेल एवढ्या वजनाने सुरुवात करून पुढे वजन वाढवत आठांवर या. सिटिंगनंतर एक-दोन दिवस धावणं-उड्या नकोत, चालणं चालेल. आठवडाभर सक्तीची विश्रांती सांगणारे आपल्यात आहेत. पेशंट आनंदाने ऐकतो, आणि कंडरा आणखी दुबळी होते.

सगळ्या जागा सारख्या बोलत नाहीत. टाच आणि खांद्यातलं कॅल्शियम इथे पुरावा बरा आहे, अकिलीसमध्ये व्यायामासोबत बरा. कॅल्शियम नसलेल्या साध्या खांदेदुखीत उत्साह आवरा. टेनिस एल्बोचे (कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या दुखण्याचे) अभ्यास एकमेकांना छेद देतात. सगळे एकत्र मोजले की फायदा नगण्य उरतो. गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेवर मोसम चालू असताना ६२ खेळाडूंना शॉकवेव्ह देऊन पाहिली, सोंगापेक्षा सरस ठरली नाही. खेळ तसाच चालू ठेवून कंडरा बरी करून द्या, ही मागणी प्रशिक्षकाची असते. मशीनने ती पुरी होत नाही. नितंबाच्या बाहेरच्या बाजूच्या दुखण्यात स्टिरॉइड, शॉकवेव्ह आणि घरचा व्यायाम यांची तुलना बघण्यासारखी आहे : महिन्याभराने स्टिरॉइड पुढे, चार महिन्यांनी शॉकवेव्ह, पंधरा महिन्यांनी शॉकवेव्ह आणि व्यायाम दोन्ही स्टिरॉइडच्या पुढे. स्नायूतल्या गाठींवर, मानेच्या-खांद्याच्या ट्रॅपेझियसवर, थोड्या दिवसांचा आराम मिळतो; तेवढंच सांगून द्यायला हरकत नाही.

चुकीच्या निदानावर तर कोणताच डोस चालत नाही. टाच दोन्ही बाजूंनी तळव्यांत धरून दाबल्यावर कळ आली तर हाडाला चीर असू शकते. त्यावर टोले देणं म्हणजे काय ते सांगायला नको. दोन्ही टाचा, वय कमी, सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासापेक्षा जास्त आणि कंबरही धरते : हा संधिवाताच्या डॉक्टरांकडचा पेशंट. जळजळ, मुंग्या, रात्री जास्त : मज्जातंतू बघा. सोनोग्राफीत फॅशिया चार मिलिमीटरपेक्षा जाड दिसला तर निदानाला बळ मिळतं. आणि दुखणं तीन महिन्यांपेक्षा कमी जुनं असेल, व्यायाम आणि भाराचं नियोजन अजून झालंच नसेल, तर मशीनचं झाकण उघडू नका.

धोक्यांची यादी लहान आहे, म्हणूनच ती न विचारण्याचं कारण नाही. गाठ कर्करोगाची असेल तिथे नाही, गर्भ असलेल्या भागावर नाही. हे सर्व प्रकारच्या मशीनना लागू. जास्त ऊर्जेच्या फोकस्ड मशीनला याशिवाय फुप्फुसाच्या वर, मेंदू आणि पाठीच्या कण्यावर, वाढत्या मुलांच्या हाडांच्या टोकांवर आणि रक्त गोठण्याचा गंभीर दोष असलेल्यांना मनाई. फुप्फुसाचं कारण तेच, जेलमधल्या हवेचं : जिथे हवा भेटते तिथे लाट सगळी ऊर्जा टाकते, आणि तिथल्या पेशी फाटतात. रक्त पातळ करणारी औषधं विचारा. तळहाताएवढा काळानिळा डाग ऐन लग्नसराईत कुणालाच नको असतो. त्या जागी सहा आठवड्यांत स्टिरॉइडचं इंजेक्शन झालं असेल तर थांबा. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिनच्या गटातलं प्रतिजैविक नुकतं घेतलं असेल तर अकिलीसला हात लावू नका, त्या औषधांनी कंडरा तुटण्याचा धोका वाढतो. २००५ च्या एका अकिलीसच्या अभ्यासात शॉकवेव्ह घेतलेल्या साठीच्या दोन जणींची कंडरा तुटली होती. वय, औषधं, आधीची इंजेक्शनं : तीन प्रश्न, अर्धं मिनिट.

मशीनच्या तब्येतीबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून जरा लांबवतो. रेडियलच्या हॅण्डपीसमध्ये गोळा, तो धावतो ती नळी आणि रबरी रिंगा झिजतात. किती टोल्यांनंतर त्या बदलायच्या ते उत्पादक लिहून देतो, आणि मशीनचा काउंटर एकूण टोले दाखवत असतो. रोज दहा पेशंट, प्रत्येकी दोन हजार, महिन्याला पंचवीस दिवस : पाच लाख टोले. म्हणजे दहा लाखांची मर्यादा असलेला हॅण्डपीस दोन महिन्यांत तिथे पोचतो. वर्षभर तो उघडलाच नसेल तर पडद्यावर ३ बार असतात आणि टोकाशी त्याची छाया. लक्षणं सांगतो : टणटणीत आवाज बद्द होतो, मध्येच एखादा टोला चुकतो, हॅण्डपीस लवकर तापतो, नळीतून काळी भुकटी निघते. टोकाची टोपी हाताने पूर्ण आवळलेली नसली तरी हेच होतं, त्यामुळे आधी ती बघा. टोपीखाली वाळलेलं जेल साचलं की टोक अडकतं. रोज संध्याकाळी काढून पुसा. कॉम्प्रेसर असेल तर त्यात साठलेलं पाणी काढा. ‘पूर्वी या मशीनचा गुण यायचा, हल्ली येत नाही’ ही तक्रार ऐकली की पेशंटच बदलले असं समजण्याआधी काउंटर पाहावा.

राहता राहिली सिटिंगची संख्या. अभ्यासांत बहुधा तीन सिटिंग असतात, क्वचित दोन किंवा पाच. मध्ये एक किंवा दोन आठवडे. दहा किंवा बारा सिटिंगचं पॅकेज कोणत्या कागदावरून आलं ते पॅकेज विकणाऱ्यांनी सांगावं. रोज एक सिटिंग देणं तर उपचाराच्या मुळावरच येतं : टोल्यांनी जे सुरू झालं त्याला आठवडे लागतात, उद्या पुन्हा टोले देऊन ते लवकर होत नाही. तिसऱ्या सिटिंगनंतर थांबा. पहिले काही दिवस दुखणं वाढू शकतं, हे आधीच सांगा, म्हणजे पेशंट घाबरून दुसरीकडे इंजेक्शन घेत नाही. निकाल बारा आठवड्यांनी बघायचा. चौथ्या आठवड्यात ‘फरक नाही, आणखी चार घेऊ’ हा निर्णय वैद्यकीय नसतो, हे आपल्यालाही ठाऊक आहे.

फाइलमध्ये काय लिहावं, त्याचा एक नमुना देतो :

‘उजवी टाच, आतला उंचवटा, सकाळचं पहिलं पाऊल ७/१०, दुखणं ८ महिने. रेडियल, १५ मिमी अ‍ॅप्लिकेटर. सवयीचे ३०० टोले १.५ बारला, मग २,००० टोले, ८ हर्ट्झ, बहुतेक २.४ बारला, तक्त्याप्रमाणे किती मिलिज्यूल ते. बधिर केलं नाही. टोल्यांच्या वेळी दुखणं ५ ते ६. काउंटर सुरुवातीला, काउंटर शेवटी. सिटिंग २/३, आधीच्यानंतर ७ दिवस. टॉवेलवर टाच उचलणं १२ वेळा, ३ संच, दिवसाआड. पेशंटने करून दाखवलं. पुढचं मोजमाप : १२ वा आठवडा.’

लिहायला दोन मिनिटं लागतात. पहिल्या पंधरवड्यात पाच लागतील, कारण तक्ता शोधावा लागेल, काउंटर कुठल्या मेनूत आहे ते सापडणार नाही आणि स्टँडऑफवर कोणता आकडा कोरलाय ते वाचायला चष्मा लागेल. ‘करून दाखवलं’ हे तीन-चार वेळा खोटं लिहिण्याचा मोह होईल. बाराव्या आठवड्याचा रकाना रिकामा राहतो, हा सगळ्यांचा अनुभव आहे : बरा झालेला पेशंट येत नाही आणि न झालेला दुसरीकडे गेलेला असतो. त्यासाठी तिसऱ्या सिटिंगलाच तारीख ठरवा आणि त्या दिवशी फोन करून दोनच प्रश्न विचारा : सकाळचं पहिलं पाऊल दहापैकी किती, आणि मध्ये दुसरा काही उपचार घेतला का. उत्तर कितीही आलं तरी ते रकान्यात जाऊ द्या, आणि पेशंटने मागितली तर त्या पानाची प्रत त्याच्या हातात द्या.

आपले,
शॉकवेव्ह वापरणारे, आणि पुष्कळदा न वापरणारे, काही फिजिओथेरपिस्ट आणि डॉक्टर